प्रस्तावना : नेम जनुकावर

१

२००८ सालच्या जानेवारीत स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या लघवीच्या नमुन्यात क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जिवाणू सापडला. रुग्ण भारतीय वंशाचा होता आणि नुकताच दिल्लीतल्या रुग्णालयात उपचार घेऊन परतला होता. रुग्णालयात राहिलेल्या माणसाकडे क्लेब्सिएला सापडणे ही नित्याची बाब. नवल वेगळेच होते. इतर प्रतिजैविके निकामी ठरली की डॉक्टर शेवटचा आधार म्हणून कार्बापेनेम गटातल्या औषधांकडे वळतात. या जिवाणूने त्यांनाही दाद दिली नाही. तपास केल्यावर त्याच्यात एक नवे जनुक आढळले. त्या जनुकापासून तयार होणारे विकर कार्बापेनेमचा रेणूच फोडून टाकत होते. २००९ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि त्या विकराला ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-१’ असे लांबलचक नाव मिळाले. आज जग त्याला एनडीएम-१ म्हणून ओळखते.

पुढच्या वर्षी भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या नमुन्यांत हे जनुक पसरल्याचे एका मोठ्या अभ्यासातून पुढे आले आणि आपल्याकडे गदारोळ उठला. राजधानीचे नाव एका घातक जनुकाला का दिले, परदेशी रुग्णांनी भारतात येऊ नये म्हणून हा डाव तर नाही ना, अशा चर्चा संसदेपर्यंत पोहोचल्या. तो संताप समजण्याजोगा होता. पण त्याच वर्षी, त्या गदारोळाच्या काही महिने आधी, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी आपल्या रुग्णांच्या नमुन्यांत हेच जनुक सापडल्याचे भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापून सांगितले होते. आपल्याच माणसांनी आपल्याला सावध केले होते. आपण मात्र नावावर भांडत बसलो.

त्या भांडणात स्वीडनच्या शोधनिबंधातला सर्वांत महत्त्वाचा तपशील हरवून गेला. त्याच रुग्णाच्या विष्ठेत ई. कोलाय हा दुसऱ्याच जातीचा जिवाणू होता आणि त्याच्यातही एनडीएम-१ होते. एकाच शरीरात दोन वेगळ्या जातींच्या जिवाणूंमध्ये एकच जनुक. म्हणजे ते एकाकडून दुसऱ्याकडे गेले होते. रोग कोणत्या जिवाणूमुळे झाला, हा प्रश्न वैद्यकशास्त्र दीडशे वर्षे विचारत आले आहे. इथे त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न उभा राहिला : प्रतिकार कोणत्या जनुकामुळे आला?

या पुस्तकाचा विषय त्या दुसऱ्या प्रश्नातून जन्मला आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये अमेरिकेत आणि इस्राएलमध्ये शास्त्रज्ञांनी क्रिस्पर हे जनुकसंपादनाचे तंत्र औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर वापरून पाहिले, तेव्हा त्यांनी नेम धरण्यासाठी निवडलेल्या जनुकांत एनडीएम-१ होते. ज्या जनुकाच्या नावावरून आपण रागावलो, त्याच जनुकावर जगाने नवे अस्त्र आजमावले.

प्रतिजैविकाने आपण जिवाणू मारतो. जनुकसंपादनाने प्रतिकारावरच घाव घालण्याची शक्यता निर्माण झाली आहे. ही शक्यता खरी आहे, प्रयोगांनी सिद्ध झालेली आहे, आणि ती समजून घेणे मराठी वाचकाचा हक्क आहे. मात्र तिच्यासोबत एक अट येते. ज्या जनुकावर घाव घालायचा ते आधी ओळखावे लागते. त्यामुळे हे तंत्र आपल्याला शिस्तीतून सोडवणारे नाही. ते पूर्वीपेक्षा अधिक नेमके निदान आणि अधिक कडक शिस्त मागणारे आहे. पुस्तक वाचताना वाचकाने ही गोष्ट मनाशी धरावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना थोडी विस्ताराने लिहीत आहे.

२

प्रतिकार प्रतिजैविकांमुळे जन्माला आला, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. बुरश्या आणि मातीतले जिवाणू कोट्यवधी वर्षे एकमेकांविरुद्ध रसायने वापरत आले आहेत, आणि त्या रसायनांपासून बचाव करणारी जनुकेही तेवढीच जुनी आहेत. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात तीस हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीत अशी जनुके सापडल्याचे २०११ साली जाहीर झाले. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले १९२८ मध्ये. ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलिन नष्ट करणाऱ्या जिवाणूच्या विकराची नोंद केली १९४० मध्ये, म्हणजे पेनिसिलिन रुग्णांसाठी सर्रास वापरात येण्याच्याही आधी. जनुके होतीच. माणसाने एवढेच केले की औषधांचा पूर सोडून, ज्या जिवाणूंकडे ती होती त्यांनाच तेवढे जगू दिले.

फ्लेमिंग यांना हा धोका स्पष्ट दिसत होता. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात त्यांनी इशारा दिला होता की एक दिवस पेनिसिलिन दुकानात कोणालाही विकत मिळू लागेल, आणि अजाण माणूस ते अपुऱ्या मात्रेत घेऊन जिवाणूंना औषध पचवायला शिकवेल. आपल्याकडे किरकोळ सर्दीसाठी मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आणणारा आणि बरे वाटताच उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून देणारा माणूस फ्लेमिंग यांनी जणू आधीच पाहिला होता.

प्रतिजैविकांनी काय दिले हे मात्र महाराष्ट्राने विसरता कामा नये. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. न्यूमोनिया, चिघळलेली जखम, बाळंतपणानंतरचा ताप ही दुखणी बरी होऊ लागली. आजची शस्त्रक्रिया, कर्करोगाची केमोथेरपी, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण, कमी दिवसांच्या बाळाला वाचवणारा नवजात विभाग हे सारे प्रतिजैविकांच्या भरवशावर उभे आहे. प्रतिकार वाढतो तेव्हा धोका केवळ एखाद्या तापाचा नसतो. हा संपूर्ण डोलारा डळमळू लागतो.

हा प्रतिकार एवढ्या झपाट्याने पसरतो कसा, याचे उत्तर जपानमध्ये मिळाले. १९५० च्या दशकात तिथे हगवणीच्या साथीत शिगेला हा जिवाणू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देईनासा झाला. एकेका औषधाविरुद्ध स्वतंत्र उत्परिवर्तने होऊन असे घडायला फार काळ लागला असता. १९५९ साली तोमोइचिरो अकिबा आणि कुनितारो ओचिआई यांनी दाखवले की हे सगळे प्रतिकार एकगठ्ठा एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात, तेही केवळ परस्परांच्या संपर्काने. या देवघेवीचे वाहन म्हणजे प्लाझ्मिड. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राव्यतिरिक्त त्याच्या पेशीत असणारे डीएनएचे छोटे वर्तुळ, जे स्वतःच्या प्रती काढते आणि शेजारच्या पेशीत उतरते. एकाच प्लाझ्मिडवर पाच-सहा औषधांविरुद्धची जनुके असू शकतात. मग त्यांतले एक औषध वापरले तरी उरलेल्या सर्वांविरुद्धचा प्रतिकार आपोआप जोपासला जातो. एनडीएम-१ असाच प्रवासी आहे.

परिणामांचे आकडे आता हाती आहेत. २०१९ या एका वर्षात जिवाणूंच्या औषधप्रतिकारामुळे थेट ओढवलेले मृत्यू जगभरात सुमारे १२.७ लाख होते, आणि ज्या मृत्यूंमध्ये त्याचा काही ना काही वाटा होता ते सुमारे ४९.५ लाख. २०२५ ते २०५० या काळात थेट मृत्यूंची संख्या ३.९ कोटींवर जाईल, असा २०२४ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

मग नवी प्रतिजैविके का शोधत नाहीत, असे कोणीही विचारील. शोधतात. छत्रपती संभाजीनगर आणि मुंबईशी नाते असलेल्या वोखार्ट कंपनीचे नाफिथ्रोमायसिन २०२४ साली पुढे आले, हे आपल्या अभिमानाचे उदाहरण. पण या धंद्याचे गणितच अवघड आहे. नवे प्रतिजैविक जितके जपून वापरावे तितके चांगले, आणि जितके जपून वापरावे तितका त्याचा खप कमी. अमेरिकेतल्या अकेओजेन या कंपनीने प्लाझोमायसिन हे औषध तयार करून २०१८ च्या जूनमध्ये त्याला मान्यता मिळवली. २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. शिवाय कोणतेही नवे प्रतिजैविक आले तरी जिवाणूची निवड त्याच जुन्या रीतीने होते. जे मरत नाहीत ते वाढतात. म्हणून वेगळ्या रीतीच्या अस्त्राची गरज आहे.

३

ते अस्त्र जिवाणूंकडेच होते. १९८७ साली ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ई. कोलायच्या डीएनएत एक चमत्कारिक रचना दिसली. तीच ती अक्षरे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत होती आणि मधल्या जागांत प्रत्येक वेळी वेगळा मजकूर होता. अर्थ कळत नव्हता. स्पेनमध्ये आलिकांतेजवळच्या सांता पोला मिठागरांतल्या सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या फ्रान्सिस्को मोहिका यांना तशीच रचना आढळली आणि त्यांनी तिचा पिच्छा सोडला नाही. तो मधला मजकूर विषाणूंच्या आणि प्लाझ्मिडांच्या डीएनएशी जुळतो, हे त्यांनी दाखवले. नामांकित नियतकालिकांनी तो निबंध नाकारला. शेवटी तो २००५ मध्ये छापून आला. या रचनेलाच आज क्रिस्पर म्हणतात.

पुढचा पुरावा दह्याने दिला. दानिस्को ही डॅनिश कंपनी दही आणि चीजसाठी विरजणे तयार करत असे. विरजणातले जिवाणू खाणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरियोफाज, हा दुग्धव्यवसायाचा जुना शत्रू. कंपनीचे संशोधक रोदोल्फ बारांगू आणि फिलिप होर्वाथ यांनी स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसवर फाज सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या जिवाणूंनी त्या फाजच्या डीएनएचा तुकडा स्वतःच्या क्रिस्पर रचनेत साठवला होता, आणि तो तुकडा होता म्हणूनच ते पुढच्या हल्ल्याला पुरून उरत होते. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. जिवाणूला पूर्वीच्या शत्रूची आठवण राहते, ती पुढच्या पिढीला वारशाने मिळते, आणि तोच शत्रू पुन्हा आला की तिच्या आधारे जिवाणू त्याला रोखतो, हे त्यातून सिद्ध झाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यानंतरचे दोन शोध मोलाचे आहेत. २००८ साली लुचियानो मराफिनी आणि एरिक सॉन्थायमर यांनी दाखवले की स्टॅफिलोकॉकसमधली क्रिस्पर यंत्रणा प्लाझ्मिडलाही पेशीत शिरू देत नाही. म्हणजे प्रतिकाराची जनुके पसरवणारे वाहन अडवण्याची सोय निसर्गातच होती. २०१० साली केली पामर आणि मायकेल गिलमोर यांनी एन्टेरोकॉकस या जिवाणूच्या अनेक वाणांचा अभ्यास केला. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या वाणांत पूर्ण क्रिस्पर यंत्रणा सहसा नसतेच, असे त्यांना आढळले. याचा अर्थ विचार करायला लावणारा आहे. प्रतिजैविकांच्या माऱ्यात ज्यांनी बाहेरचा डीएनए बिनदिक्कत स्वीकारला तेच तरले. ज्यांचा पहारा कडक होता ते मागे पडले. आपल्या औषधांनी जिवाणूंच्या जगातले पहारेच जणू उठवून टाकले.

२०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी कॅस९ या प्रथिनाला हवा तो पत्ता देता येतो, हे परीक्षानळीत करून दाखवले. पत्ता म्हणजे आरएनएचा छोटा धागा. त्यावरची सुमारे वीस अक्षरे ज्या डीएनएशी जुळतील तिथे कॅस९ जाऊन डीएनएच्या दोन्ही पट्ट्या कापते. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्या दोघींना मिळाले. २०१२ च्या त्या शोधापासून जगाचे लक्ष माणसाच्या जनुकांकडे वळले. सिकलसेलसारख्या आजारांवर उपचार आले. पण हे तंत्र मुळात जिवाणूंच्या घरचे, आणि ते पुन्हा जिवाणूंकडे वळवण्याचा विचार काही संशोधकांनी फार लवकर केला.

४

या विचारामागचे जीवशास्त्र साधे आणि सुंदर आहे. माणसाच्या पेशीत डीएनए तुटला तर तुटलेली टोके परस्परांना जोडून घेण्याची यंत्रणा तिच्याकडे असते. बहुतेक जिवाणूंकडे तशी यंत्रणा नसते. शेजारी जशीच्या तशी अखंड प्रत असेल तर तिच्यावरून ते दुरुस्ती करतात. कॅस९ ने सर्व प्रती कापल्या की तो मार्गही बंद होतो. म्हणून कापायचे जनुक जिवाणूच्या गुणसूत्रावर असेल तर जिवाणू मरतो. ते प्लाझ्मिडवर असेल तर अनेकदा प्लाझ्मिड नष्ट होते, जिवाणू जगतो, आणि जुने औषध त्याच्यावर पुन्हा चालू लागते. एकाच तंत्राने मारता येते आणि निःशस्त्रही करता येते.

वीस अक्षरांच्या पत्त्यात किती नेमकेपणा असतो, याचा हिशेब करून पाहावा. डीएनएच्या लिपीत चार अक्षरे आहेत. त्यांतून वीस अक्षरांच्या सुमारे १.१ लाख कोटी वेगवेगळ्या रचना होतात. ई. कोलायचा संपूर्ण डीएनए सुमारे ४६ लाख अक्षरांचा. तेव्हा हवे ते जनुक नसलेल्या जिवाणूत तोच पत्ता योगायोगाने सापडण्याची शक्यता नगण्य. एखाददुसरे अक्षर चुकले तरी कॅस९ कधी कधी ते चालवून घेते हे खरे, पण पत्ता विचारपूर्वक निवडला तर हा दोष आटोक्यात राहतो. आपल्या आतड्यात असंख्य उपयोगी जिवाणू असतात आणि व्यापक परिणामाचे प्रतिजैविक त्यांनाही मारते. शेतभर तणनाशक फवारणे आणि खुरपे घेऊन नेमके तण काढणे यांत जेवढा फरक, तेवढा या दोन उपचारांत आहे.

२०१४ साली दोन प्रयोगशाळांनी हे प्रत्यक्ष करून दाखवले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात दाव्हिद बिकार आणि मराफिनी यांच्या गटाने स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या मिश्र वसाहतीतले घातक तेवढे जिवाणू मारले. बाकीचे तसेच राहिले. उंदरांच्या कातडीवरही त्यांनी हा प्रयोग केला. त्याच वेळी एमआयटीत टिमथी लू यांच्या गटाने एनडीएम-१ बाळगणाऱ्या ई. कोलायवर कॅस९ सोडले. घातक ई. कोलायचा संसर्ग झालेल्या पतंगाच्या अळ्या या उपचाराने अधिक काळ जगल्या.

मला सर्वाधिक भावलेला प्रयोग २०१५ सालचा आहे. तेल अवीव विद्यापीठात उदी किमरॉन यांच्या गटाने विचार केला की प्रतिकार नष्ट केल्याने जिवाणूला स्वतःला काहीच लाभ नाही. मग त्याने ते बदललेले रूप टिकवून का धरावे? म्हणून त्यांनी एक जोड दिली. जिवाणूला न मारता त्याच्या डीएनएत मुक्काम करणाऱ्या फाजवर त्यांनी क्रिस्परची यंत्रणा चढवली. ती एनडीएम-१ सारखी प्रतिकाराची जनुके कापत होती, आणि त्याच वेळी त्या जिवाणूला दुसऱ्या एका मारक फाजपासून संरक्षण देत होती. मग तो मारक फाज सोडला. ज्यांनी प्रतिकार गमावला ते वाचले. ज्यांनी प्रतिकार राखला ते मेले. ऐंशी वर्षे प्रतिजैविकांनी उत्क्रांतीचा ओघ प्रतिकाराच्या बाजूने वळवला होता. इथे तोच ओघ उलटा फिरवला गेला. रुग्णालयातले पृष्ठभाग आणि कर्मचाऱ्यांचे हात यांवर अशी मिश्रणे वापरावीत, अशी त्यांची कल्पना आहे. अतिदक्षता विभागात काम केलेल्या कोणालाही तिचे मोल सांगावे लागणार नाही.

वाहून नेण्यासाठी निवडलेल्या फाजचा इतिहासही आपल्या देशातून जातो. आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ साली गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात असे नोंदवले होते. त्यामागे फाजच होते का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. फाजचा निर्विवाद शोध ट्वॉर्ट आणि फेलिक्स देरेल यांचा. देरेल यांनी त्यांच्यापासून उपचार घडवले आणि पटकीवरचे आपले प्रयोग भारतात येऊन केले. पुढे प्रतिजैविके आली आणि पाश्चात्त्य जगाने ही वाट सोडली. जॉर्जियातल्या तिबिलिसीमध्ये मात्र ती अखंड चालू राहिली. क्रिस्परने या जुन्या वाटेला नवे बळ दिले आहे.

आता हे उपचार माणसापर्यंत पोहोचले आहेत. कोपनहेगनच्या स्निपर बायोम कंपनीने १६२ फाजच्या संग्रहातून निवड करत, त्यांत क्रिस्पर बसवत शेवटी चार फाजचे मिश्रण बनवले. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये उपचारांदरम्यान आतड्यातला ई. कोलाय रक्तात उतरतो, तो रोखणे हा त्याचा हेतू. अमेरिकेतल्या लोकस बायोसायन्सेसने मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी सहा फाजचे मिश्रण तयार केले. त्यात कॅस३ हे प्रथिन वापरले आहे, जे डीएनए एकदाच न कापता त्याचा भुगा करत जाते. त्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचे पहिले निष्कर्ष २०२४ मध्ये आले. पॅरिसच्या एलिगो बायोसायन्सने त्याच वर्षी उंदरांच्या आतड्यातल्या ई. कोलायच्या जनुकात एक अक्षर बदलून दाखवले; नव्वद टक्क्यांहून अधिक जिवाणूंत बदल झाला आणि जिवाणू मारावा लागला नाही. अजून यांतला एकही उपचार औषध म्हणून बाजारात आलेला नाही. लेखकाने हे ठिकठिकाणी स्पष्ट सांगितले आहे आणि हा संयम पुस्तकाचा मोठा गुण आहे.

५

अडचणी कोणत्या, याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. पहिली अडचण पोहोचण्याची. कॅस९ कितीही नेमके असले तरी ते जिवाणूच्या आत शिरले पाहिजे, आणि एकेक फाज काही मोजक्या वाणांतच शिरू शकतो. म्हणूनच चार-सहा फाज एकत्र करावे लागतात. आतड्यातल्या अब्जावधी जिवाणूंपैकी थोडे जरी सुटले तरी ते पुन्हा वाढतात. दुसरी अडचण जिवाणूच्या चलाखीची. फाजसाठीचे दार तो बदलतो, पत्त्यातली अक्षरे बदलतो, आत आलेले कॅस९ चे जनुक बिघडवतो. शिवाय क्रिस्परला निष्प्रभ करणारी प्रथिने निसर्गात आहेत, हे टोरंटोच्या संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवले. उत्क्रांती या अस्त्रालाही उत्तर शोधणार, हे गृहीत धरूनच चालले पाहिजे. एकाच वेळी अनेक ठिकाणी कापणे आणि जुन्या प्रतिजैविकांशी जोडी लावणे हे त्यावरचे आजचे उपाय आहेत.

तिसरी मर्यादा आपल्याला फार जवळची आहे. मुंबईने औषधप्रतिकारी क्षयाची भयंकर रूपे पाहिली आहेत. उपलब्ध सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण इथल्याच डॉक्टरांनी २०११-१२ च्या सुमारास जगापुढे मांडले. क्षयाच्या जिवाणूचा प्रतिकार प्लाझ्मिडवरून येत नाही. तो त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रातल्या बदलांतून येतो. वर हा जिवाणू आपल्याच पांढऱ्या पेशींच्या आत दडून बसतो. प्लाझ्मिड पुसून टाकण्याची युक्ती तिथे लागू पडत नाही. म्हणून क्रिस्परने क्षय उद्या बरा होईल, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. क्षयासाठी आज वेळेवर निदान, पूर्ण औषधे आणि पुरेसे अन्न हाच मार्ग आहे.

चौथा प्रश्न जबाबदारीचा. स्वतःच्या प्रती काढणारा, जनुके बदललेला विषाणू माणसाच्या आतड्यात किंवा रुग्णालयाच्या सांडपाण्यात सोडायचा, तर त्याचा पुढचा प्रवास कोण तपासणार? आपल्याकडे जनुकबदल केलेल्या सजीवांसाठी १९८९ चे नियम आहेत, पण ते लिहिले गेले तेव्हा असे औषध कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हते. हा विचार औषध दाराशी येण्याआधी व्हायला हवा.

आता मी वर सांगितलेल्या अटीकडे वळतो. क्रिस्परचे औषध देणाऱ्या डॉक्टरला रुग्णाच्या शरीरातला जिवाणू आणि त्याचे जनुक दोन्ही माहीत असावे लागतील. अंदाजाने देता येईल असे हे औषध नाही. एनडीएम-१ साठी लिहिलेला पत्ता दुसऱ्या जनुकावर कवडीच्या कामाचा नाही. आपल्याकडे आजही बऱ्याच ठिकाणी ताप दिसला की नमुना न घेता प्रतिजैविक सुरू होते, आणि कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा अहवाल येईपर्यंत दुसरे-तिसरे औषध बदलून झालेले असते. अनेक तालुक्यांत ही तपासणी करणारी प्रयोगशाळाच जवळ नसते. जिथे साधे कल्चर होत नाही तिथे जनुकावर नेम कसा धरणार?

सुदैवाने कापणाऱ्या या प्रथिनांना जनुके शोधताही येतात. २०२० मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेत देबोज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांनी फ्रान्सिसेला या जिवाणूचे कॅस९ वापरून कोविडची कागदी पट्टीवरची चाचणी तयार केली. याच तत्त्वावर प्रतिकाराची जनुके काही तासांत ओळखणाऱ्या चाचण्या बनवता येतात. माझ्या मते आपल्या देशाने या तंत्राचा उपयोग आधी इथे करावा. उपचाराला अजून अवधी आहे. निदान मात्र आवाक्यात आहे, आणि त्याच्याशिवाय उपचार आला तरी तो कोणाला द्यायचा हे कळणार नाही.

नियमांचीही कमतरता नाही. मार्च २०१४ पासून अनेक महत्त्वाची प्रतिजैविके ‘एच-१’ या यादीत आहेत. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवायची. गोळ्यांच्या पाकिटावरची लाल रेघही तेच बजावते. कोंबड्यांचे वजन वाढवण्यासाठी खाद्यात मिसळले जाणारे कोलिस्टिन २०१९ मध्ये बंद केले गेले; हे माणसांच्या अतिदक्षता विभागातले अगदी शेवटचे औषध. असे नियम पाळले गेले तर प्रतिकारी जनुकांवरचा निवडीचा दाब कमी होतो, आणि उद्या येणाऱ्या नव्या अस्त्राला कमी शत्रूंशी लढावे लागते. तंत्रज्ञान आणि संयम ही दोन वेगळी धोरणे नाहीत. पहिले दुसऱ्यावाचून टिकणार नाही.

६

या पुस्तकाची बांधणी याच जाणिवेतून झाली आहे. लेखकाने आरंभीची प्रकरणे प्रतिकाराच्या इतिहासाला दिली आहेत, मधली क्रिस्परच्या कार्यपद्धतीला, आणि शेवटची रुग्णालय, प्रयोगशाळा, शेती व कायदा यांना. रेणूंच्या पातळीवरची गुंतागुंत टाळलेली नाही, पण प्रत्येक संकल्पना तिच्या गरजेच्या ठिकाणीच येते. बारावीनंतर जीवशास्त्र सुटलेल्या वाचकालाही ती पेलेल. वैद्यकाचे आणि औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी, ग्रामीण भागात दवाखाना चालवणारे डॉक्टर, औषधविक्रेते, पशुवैद्य आणि आरोग्याच्या प्रश्नांवर लिहिणारे पत्रकार यांनी ते अवश्य वाचावे.

मराठीत विज्ञानलेखनाची परंपरा समृद्ध आहे, परंतु संशोधन चालू असतानाच त्यावर साधार लिहिलेले पुस्तक क्वचित मिळते. बहुधा शोध पूर्ण होतो, बक्षीस मिळते, आणि मग आपल्याकडे त्याची गोष्ट सांगितली जाते. इथे निकाल लागायचा आहे. चाचण्या चालू आहेत, काही फसतील, काही यशस्वी होतील. अशा वेळी वाचक केवळ श्रोता राहत नाही. कोणते संशोधन आपल्या पैशाने व्हावे, कोणत्या अटींवर ते रुग्णापर्यंत यावे, याविषयी मत बनवण्याचा अधिकार त्याला मिळतो. तो अधिकार वापरण्याइतकी माहिती हे पुस्तक देते.

माझी वाचकांकडून एक अपेक्षा आहे. पुस्तक वाचून झाल्यावर आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात कल्चरची सोय आहे का, आणि तिथे दिसणाऱ्या प्रतिकाराची नोंद कुठे ठेवली जाते, हे विचारावे. डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिले तर त्याची गरज विचारावी, आणि गरज असेल तर ते सांगितले तितके दिवस घ्यावे. एनडीएम-१ च्या वेळी आपण नावावर वाद घातला आणि जनुक पसरत राहिले. यापुढे जनुक कुठे आहे, किती आहे, कशामुळे वाढते हे जाणून घेण्यात ती ऊर्जा खर्च व्हावी. जनुकावर नेम धरण्याचे तंत्र शास्त्रज्ञ घडवत आहेत. ते जनुक शोधण्याचे आणि त्याला वाढू न देण्याचे काम प्रयोगशाळेत, दवाखान्यात, कोंबड्यांच्या शेडमध्ये आणि औषधाच्या दुकानात आजपासून करता येते, आणि त्यासाठी कोणत्याही चाचणीच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.